जुन्या एस्टीमचं इनटेक : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४

गाडी मारुती एस्टीम व्हीएक्सआय, २००४ ची, एमएच ०९. इंजिन सुझुकीच्या जी१३ घराण्यातलं. १२९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं). कंपनीने सांगितलेली ताकद ८५ अश्वशक्ती. गाडी नऊशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे वीस वर्षांनीही ही ताकद अंगावर येते. याच घराण्यातलं इंजिन जिप्सीत बसायचं, म्हणून कोल्हापुरात सुट्या भागांची चणचण नाही आणि हे इंजिन ओळखणारे मिस्त्रीही अजून आहेत.

काम आहे इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचं. ५००० आरपीएमपर्यंत इंजिन मोकळं फिरतं, पण त्यापुढे दम कोंडल्यासारखं वाटतं. यावर बाजारात ठरलेलं औषध मिळतं : कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढा आणि त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, म्हणजे ‘कोन’ बसवा. बसवल्यावर आवाज येतो आणि आवाज आला की गाडी पळते असं वाटतं. मला आवाज बाजूला ठेवून आकडे बघायचेत. हवा नेमकी कुठे अडते आणि किती तापून आत जाते, हे कळल्याशिवाय एक पाइपही बदलायचा नाही.

पासिंगचंही बघायचंय. २०१९ साली पंधरा वर्षं झाली तेव्हा आरसी पाच वर्षांसाठी नवी करून घेतली होती. ती मुदत येत्या ऑगस्टमध्ये संपते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. एअर फिल्टर त्या तपशिलांत येत नाही, तरीही मी स्वतःला अटी घालून घेतल्या आहेत. बॉडीला करवत लावायची नाही. नवीन वस्तू आहेत त्याच बोल्टांवर बसवायच्या. कंपनीचं सगळं सामान डबाबंद ठेवायचं, म्हणजे अर्ध्या तासात गाडी पूर्ववत करता आली पाहिजे.

आजचं काम : नवे स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सफाई, सगळ्या व्हॅक्यूम नळ्या चाचपून बघितल्या. टॅपेट गेल्याच महिन्यात सेट केले होते. इंजिन निरोगी नसेल तर पुढचे सगळे आकडे वाया जातील.

१० मार्च

मोजायचं साधन तयार केलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटर आणली. प्लायवूडच्या फळीवर तिला यू आकारात खिळवलं, मागे पट्टी चिकटवली आणि आत निळी शाई घातलेलं पाणी भरलं. एक टोक मोकळं, दुसरं टोक इनटेकच्या नळीत. इंजिन हवा ओढतं तेव्हा नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्या बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक म्हणजे हवेला झालेला अडथळा, थेट सेंटिमीटर पाण्यात. दोनशे रुपयांच्या आत असं साधन होतं, आणि इनटेकविषयी जेवढं हे सांगतं तेवढं दुसरं काहीही सांगत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता हिशेब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६००० आरपीएमला १.२९८ लिटर गुणिले ३०००, म्हणजे मिनिटाला सुमारे ३९०० लिटर. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर ३३०० लिटर, म्हणजे सेकंदाला ५५ लिटर हवा. घागरभर पाणी पंधराएक लिटर धरलं, तर सेकंदाला साडेतीन घागरींहून जास्त हवा मनगटाएवढ्या नळीतून जाते. ती कुठे अडते याला म्हणूनच महत्त्व.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथे हवेचा दाब पाण्याच्या भाषेत साधारण ९.७ मीटर उंचीचा. म्हणजे फळीवर १० सेंटिमीटर फरक दिसला तर इंजिनाला एक टक्का कमी हवा मिळतेय. ताकदही साधारण तेवढीच कमी.

१७ मार्च

पहाटे कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर. भाचा ओंकार शेजारच्या सीटवर, फळी त्याच्या मांडीवर, मोबाइलवर चित्रीकरण चालू. दुसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण दाबून ४० पासून ८० च्या थोडं पुढेपर्यंत. तेवढ्यात ६००० आरपीएम येतात आणि रस्त्याची वेगमर्यादाही ओलांडावी लागत नाही. दोन्ही दिशांना मारून सरासरी घेतली.

नळी तीन ठिकाणी खोचून बघितली. डब्यात, फिल्टरच्या आधीच्या बाजूला : १८ सेंटिमीटर. फिल्टरच्या पलीकडे : २५. थ्रॉटल बॉडीच्या अगदी तोंडाशी : ३१.

याचा अर्थ असा. एकूण अडथळा ३१ सेंटिमीटर, सव्वातीन टक्क्यांच्या आत-बाहेर. त्यातले १८ एकट्या पुढच्या निमुळत्या नळीने, म्हणजे स्नॉर्कलने खाल्ले. जुन्या, मळलेल्या फिल्टरने ७. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या वळ्यावळ्यांच्या रबरी होजने ६.

मग फिल्टर बदलून नवा कोरा कागदी घातला. त्याचा अडथळा ४ वर आला, एकूण २८. म्हणजे सगळे ज्याला नावं ठेवतात तो फिल्टर मळलेला असतानाही पाऊण टक्क्यापेक्षा कमी हवा अडवत होता. खरा दरवाजा बंद आहे तो त्याच्याही आधी.

ओंकार म्हणाला, "मामा, मग कंपनीनं नळी एवढी बारीक का ठेवली?" कारण आवाज. इनटेकमधून इंजिनाची घरघर बाहेर येते, ती बारीक नळीने आणि तिला जोडलेल्या बंद पोकळीने दबते. फॅमिली गाडीत ते बरोबरच आहे. कंपनीच्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती असं समजून कामाला लागणाऱ्यांचं मला पटत नाही. त्यांच्यापुढे दहा गोष्टी होत्या, माझ्यापुढे दोनच आहेत.

२३ मार्च

ऑनलाइन मागवलेलं किट आलं. तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा कोन फिल्टर, वाकवलेला ॲल्युमिनियमचा पाइप, दोन सिलिकॉन होज, क्लिपा. बसायला तासभर लागला. व्हॉल्व्ह कव्हरमधून येणारी ब्रीदरची नळी नव्या पाइपला जोडायची सोय किटमध्ये होती, ती वापरली. बरेच जण इथे ती नळी मोकळी सोडून टोकाला छोटा फिल्टर लावतात. तसं करू नये. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ इंजिनातच जळली पाहिजे, आणि त्या वाटेने आत जाणारी हवाही गाळलेलीच हवी.

या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा तारेचा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेतला) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. त्यामुळे फिल्टरचं तेल उडून सेन्सर खराब होण्याची भीती इथे नाही. ज्यांच्या गाडीत तारेचा सेन्सर आहे त्यांनी तेलाच्या फिल्टरबाबत जपून राहावं.

इंजिनाच्या कॉम्प्युटरने जुन्या नोंदी विसराव्यात म्हणून बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून परत लावली आणि शहरात एक फेरी मारली. आवाज जबरदस्त. ओंकार खूश : "नाद खुळा, मामा!"

३१ मार्च

पुन्हा कागल. थ्रॉटलच्या तोंडाशी आता फक्त १० सेंटिमीटर. अडथळा २८ वरून १० वर, म्हणजे जवळपास दोन टक्के हवा मोकळी झाली. ४० ते ८० ची वेळ मात्र नव्या कागदी फिल्टरवर ६.१ सेकंद होती, ती आता ६.२. हवा मोकळी झाली आणि गाडी किंचित मंदावली.

उत्तर थर्मामीटरने दिलं. दोन तारांचा डिजिटल थर्मामीटर घेतलाय. एक तार पुढच्या बंपरवर सावलीत, दुसरी फिल्टरच्या तोंडाशी, वाचन आत डॅशबोर्डवर. कंपनीच्या डब्यासोबतचे आकडे आधीच टिपून ठेवले होते.

कंपनीचा डबा, चालत्या गाडीत : बाहेर ३६, आत ४०. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत बराच वेळ रेंगाळल्यावर : बाहेर ३६, आत ५०.

उघडा कोन, चालत्या गाडीत : बाहेर ३६, फिल्टरशी ४९. त्याच गर्दीत : ६९.

हवा तापली की विरळ होते, आणि ते प्रमाण केल्व्हिनमध्ये मोजायचं. ३६ अंश म्हणजे ३०९ केल्व्हिन, ६९ म्हणजे ३४२. भागाकार ०.९०. बॉनेटखालची गरम हवा पिऊन इंजिन साडेनऊ टक्के हवा गमावतंय. चालत्या गाडीतही चार टक्के जातात, कंपनीच्या डब्यात सव्वा टक्का जायचा. दोन टक्के कमावण्यासाठी पावणेतीन टक्के दिले. स्टॉपवॉचने ६.१ ऐवजी ६.२ दाखवलं ते यामुळेच. गर्दीतून बाहेर पडून लगेच मारलेल्या धावेत तर ६.५ लागले. कंपनीच्या डब्याने त्याच परिस्थितीत ६.२ घेतले होते.

याशिवाय, गरम हवेने इंजिन ठोकायची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून कटकट आवाज यायची शक्यता वाढते. एप्रिल-मेमध्ये भरल्या गाडीने घाट चढताना याचा त्रास होणार.

उघडा कोन बॉनेटखाली ठेवायचा नाही, हे आज पक्कं झालं. तो फिरवून डब्यात घालायचा की आणखी काही करायचं, ते पुढच्या चाचणीवर ठरेल.

१४ एप्रिल

धुळीची चाचणी. कोन लावला त्याच दिवशी त्याच्यामागच्या पाइपमध्ये आतून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवला होता. फिल्टरमधून जे निसटेल ते ग्रीसला चिकटणार. गाळप हंगाम संपत आला असला तरी उसाच्या ट्रॅक्टरांनी उकरलेले गावाकडचे रस्ते आहेतच, त्यामुळे धूळ भरपूर खाल्ली.

आज पाइप उघडला. ग्रीसवर राखी रंगाचा बारीक थर. पांढऱ्या फडक्यावर पुसून बोटांत चोळला तर कचकच लागली. हे कण सिलिंडरमध्ये जातात, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर घासतात, तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोचतात. याच पद्धतीने आधी कागदी फिल्टरमागे लावलेलं ग्रीस जवळजवळ स्वच्छ निघालं होतं.

कापसाच्या तेलकट जाळीचा फिल्टर वाईट असतो असं मी म्हणत नाही. चांगल्या प्रतीचा आणि बरोबर तेल लावलेला असेल तर तो बराच चांगला गाळतो, धुऊन पुन्हा वापरता येतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन हंगामाअखेर उघडायचंच असतं, तिथे तो शोभतो. माझं इंजिन २००४ पासून न उघडलेलं आहे आणि मला ते तसंच ठेवायचंय. आपल्याकडच्या धुळीला कागदच.

कागदाचा अडथळा कमी करायचा उपाय एकच : कागदाचं क्षेत्रफळ वाढवायचं.

२१ एप्रिल

क्षेत्रफळाचं उत्तर ट्रॅक्टरच्या दुकानात मिळालं.

तीन लिटरचं ट्रॅक्टर इंजिन २२०० आरपीएमला फिरतं तेव्हा मिनिटाला तीन गुणिले ११००, म्हणजे ३३०० लिटर जागा भरतं. माझी १.३ लिटरची एस्टीम ६००० ला त्याच्या आसपासच हवा ओढते. फरक असा की ट्रॅक्टर दिवसभर रोटाव्हेटरच्या धुरळ्यात तोच वेग धरून असतो. त्याचं कागदी एलिमेंट (फिल्टरचा गाळणारा भाग) भरपूर मोठं आणि उत्तम गाळणारं असतं, कारण नसेल तर शेतकऱ्याचं इंजिन एका हंगामात बसेल. शिवाय ते तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळतं.

दुकानदाराने गोल, उभं, एका बाजूला बंद असं एलिमेंट काढून दिलं. कागदाच्या वळ्या मोजून आणि एक वळी मापून हिशेब केला, तर क्षेत्रफळ एस्टीमच्या पॅनेल फिल्टरच्या दुपटीहून जास्त निघालं. किंमत साडेचारशे. त्याच दुकानात डब्याच्या बुडाला लावायची रबरी चोच मिळाली. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली ही लोंबत असते. इंजिन ओढत असताना तिचे ओठ मिटतात, बंद झालं की उघडतात आणि साठलेली धूळ-पाणी खाली पडतं. पावसाळ्यासाठी मला नेमकी हीच हवी होती.

२८ एप्रिल

शिवाजी उद्यमनगरात डबा करून घेतला. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला होता. बॉनेट लावून, वर पीठ मळून ठेवलेल्या गोळ्या दाबून, झाकणापर्यंत किती जागा उरते ते बघितलं. सगळ्यात दाटीच्या ठिकाणी बोटभर मोकळीक आहे.

मी पत्रा म्हणालो होतो. बापू मिस्त्री ऐकेनात. "ॲल्युमिनियम घ्या की सर. पत्रा पावसात गंजतोय, मग गंजाचे पोपडे इंजिनात जाणार. एवढं सगळं मापून करायलाय आणि शेवटाला गंज खाऊ घालणार व्हय?" त्यांचं बरोबर होतं. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियम शीट, पत्रा वाकवायच्या यंत्रावर (ब्रेकवर) वाकवून, कडा आर्गनने जोडल्या. एलिमेंट बसायची गोल बैठक लेथवर काढली. झाकणाला रबरी बीडिंग आणि चार पकडी, म्हणजे पान्याशिवाय फिल्टर काढता येतो.

बापूंनी वेल्डिंग झाल्यावर आतला प्रत्येक सांधा फाइलने सफा केला. कारण विचारलं तर म्हणाले, "एक गोळी सुटली तर थेट व्हॉल्व्हवर." मग डब्यात पाणी भरून फळीवर ठेवला आणि खालून बोट फिरवून कुठे ओल येते का बघितलं. एका कोपऱ्यात ओल आली. परत टाका मारला. मोठ्या वर्कशॉपमध्येही ही चाचणी करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला बाहेरून उष्णता परतवणारा चंदेरी फॉइल चिकटवला. ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून आणतं, त्यामुळे हे हवंच.

४ मे

हवेचं तोंड. डब्यापासून पुढे ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या उंचीला. हा थंड भाग आहे, म्हणून इथे ६३ मिलिमीटरचा शेतीचा पीव्हीसी पाइप वापरला. प्लास्टिक धातूपेक्षा उष्णता कमी वाहतं. इंजिनाकडच्या बाजूला मात्र पीव्हीसी चालणार नाही, ऐंशी अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. तिथे सिलिकॉन होज आणि किटमधला ॲल्युमिनियमचा तुकडा.

पाइप सरळ कापून सोडला तर हवा तोंडाच्या धारेवरून आत वळताना भोवरे करते. धार बाहेरच्या बाजूला गोल वळवली, घंटेसारखी, तर तो अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. शेतात पाइपलाइन टाकताना पाइपचं टोक जाळावर फिरवून मऊ करतात आणि दुसरा पाइप दाबून सॉकेट काढतात. तसंच केलं. बापूंनी लाकडाचा गोल ठोकळा लेथवर घंटेच्या आकारात उतरवून दिला. टोक हीट गनखाली सावकाश फिरवत राहिलो. आधी चमक येते, मग पाइप आपल्याच वजनाने किंचित लवतो, त्या क्षणी ठोकळ्यावर सरळ दाबायचं आणि ओल्या फडक्याने गार करायचं. घाई केली तर एका बाजूला पातळ होतो, जास्त तापवला तर तपकिरी पडतो आणि वास सुटतो. हे काम उघड्या अंगणात करावं, तो धूर छातीला वाईट.

येत्या ७ तारखेला मतदान, उद्यमनगर बंद राहणार. ब्रॅकेटचं काम त्यानंतर.

१२ मे

सगळं बसलं. डबा कंपनीच्या डब्याच्या बोल्टांवर, मध्ये रबरी बुश घालून. ब्रीदर जोडला. प्रत्येक सांध्यावर क्लिपा आवळल्या.

कागलचे आकडे. थ्रॉटलच्या तोंडाशी १२ सेंटिमीटर. उघड्या कोनापेक्षा फक्त २ जास्त, आणि तेही पूर्ण कागदी फिल्टर आणि बंद डब्यासकट. फिल्टरचा स्वतःचा अडथळा अडीच.

तापमान : बाहेर ३७, चालत्या गाडीत आत ४०. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत आत ४८. कंपनीच्या डब्यापेक्षाही थंड.

४० ते ८० : ५.९ ते ६ सेकंद. गर्दीतून निघून लगेच : ६.१.

ताकदीच्या भाषेत बोलायचं तर २८ सेंटिमीटरचे १२ झाले, म्हणजे दीड टक्क्यापेक्षा थोडं जास्त. ८५ अश्वशक्तीत ती दीडच्या आसपास बसते. जाहिरातीत आठ-दहा अश्वशक्ती लिहिलेल्या असतात. या इंजिनाचा इनटेकमधला एकूण तोटाच सव्वातीन टक्के होता, म्हणजे जगातलं सर्वांत चांगलं इनटेक लावलं तरी पावणेतीन अश्वशक्तीच्या वर जाता येणार नाही. कॅम, एक्झॉस्ट आणि ट्यूनिंगला हात न लावता यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर त्याला फळी आणि निळं पाणी घेऊन बोलवावं.

२६ मे

गगनबावड्याला जाऊन आलो. चौघे जण, एसी चालू, उन्हाचे दोन. चढावर जिथे पूर्वी दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे दोन ठिकाणी तिसराच पुरला. ठोकण्याचा आवाज कुठेही नाही. ५००० च्या पुढे इंजिन आता खुलं वाटतं, तोंड मिटून पळायला लावलेल्या माणसाला तोंड उघडू दिल्यासारखं. आवाज गाडीत जेमतेम ऐकू येतो, पूर्ण थ्रॉटलला खोल घुमतो. हा आवाज मला उघड्या कोनापेक्षा कितीतरी आवडला.

ॲव्हरेजमध्ये फरक नाही. पडायलाही नको. मंद चालवताना थ्रॉटल स्वतःच हवा अडवत असतं, तिथे इनटेक मोकळं असून नसून सारखं. ॲव्हरेजसाठी कुणी इनटेक बदलू नये. चाकांत हवा भरावी.

१६ जून

पाऊस धरला. जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आता लिहितो.

बाहेर मिळणाऱ्या काही किटांत थंड हवेसाठी पाइप लांब करून फिल्टर बंपरच्या खालच्या कोपऱ्यात नेलेला असतो. थंड हवा मिळते यात शंका नाही. पण तो फिल्टर रस्त्यापासून फूट-सव्वाफुटावर येतो. कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तेवढा महापूर लांब राहू दे, साध्या वळवाच्या पावसात व्हीनस कॉर्नरच्या सखल भागात तुंबलेलं पाणी बंपरपर्यंत पोचतं.

पाणी दाबलं जात नाही. या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ३२५ सीसीचा. दाबप्रमाण साडेनऊ धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा ३८ सीसी. म्हणजे टपरीवरच्या अर्ध्या कप चहाएवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही. फिरतं इंजिन थांबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दीड अश्वशक्तीसाठी असं इंजिन गमावलेली माणसं आहेत.

म्हणून माझं तोंड हेडलाइटच्या उंचीला, ग्रिलच्या आड, आणि तिथून पाइप डब्याकडे किंचित चढता. समोरून मारलेलं पाणी आधी ग्रिलवर फुटतं, पाइपमध्ये आलेलं उताराने परत बाहेर पडतं, त्यातूनही गेलं तर डब्याच्या बुडाशी साठून चोचीतून खाली. आज नळीच्या फवाऱ्याने ग्रिलवर समोरून भरपूर पाणी मारलं, इंजिन चालू ठेवून. मग डबा उघडला. बुडाशी चार-पाच थेंब. एलिमेंट कोरडं.

२८ जुलै

आठवडाभर शहरात पाणी. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. गाडी उंचावर, मित्राच्या अंगणात ठेवली होती. कितीही चांगलं इनटेक असलं तरी पुराच्या पाण्यात गाडी घालायची नाही, हे ओंकारला बजावून सांगितलं. गेल्या वर्षीच त्याला लायसन मिळालंय.

या महिन्याभरात जेवढं पावसातून चालवलं त्यानंतर डबा उघडून बघितला. चोचीला थोडा चिखल, बाकी कोरडं. ग्रीसची चाचणी याही डब्यामागे लावली होती. फडकं पांढरंच.

११ ऑगस्ट

पीयूसी झाली. बीएस-२ (भारत स्टेज २ हे प्रदूषणाचं जुनं मानक) च्या पेट्रोल गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का, हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. माझे आकडे ०.१८ आणि १२६. गेल्या वर्षीपेक्षा थोडे कमी, याचं श्रेय मी नव्या प्लगांना देतो.

पासिंगसाठी कंपनीचा डबा परत बसवला. बॉनेटखाली ओळखीचं दिसलं की तपासणी सुरळीत होते, आणि अर्ध्या तासात पूर्ववत होते या माझ्या अटीचीही परीक्षा झाली. पंचवीस मिनिटं लागली. आरसी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली की नवा डबा चढेल.

एकूण खर्च : किट ४२०० (त्यातला एक पाइप, होज आणि क्लिपा वापरल्या, कोन कपाटात), एलिमेंट ४५०, चोच ६०, डबा मजुरीसकट २२००, पीव्हीसी, फॉइल आणि रबर मिळून ४००. किट न घेता नुसत्या होज आणि क्लिपा घेतल्या असत्या तर निम्म्यात झालं असतं. ज्यांना हे करायचंय त्यांनी तसंच करावं. डब्याचा पुठ्ठ्याचा नमुना बापूंकडेच ठेवलाय, कुणाकडे एस्टीम असेल तर त्यांना तो वापरू द्यायला सांगितलंय.

पुढचं काम : दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की एलिमेंट काढून आतून बाहेर हलकी हवा मारणे, आणि फळीवर पुन्हा एकदा आकडा बघणे. १६ च्या वर गेला तर नवीन.